शेवटचे दोन आकडे

घड्याळजींनी त्या दिवशी गाडी धुतली असं म्हटलं तर त्यांना राग येईल. धुवायचे ते रोजच. त्या दिवशी त्यांनी चाकांच्या खाचांत अडकलेले खडे घड्याळाच्या चिमट्याने एकेक करून उपसले, आणि महागड्या घड्याळांच्या काचांसाठी राखून ठेवलेलं पिवळं फडकं आरशांवरून फिरवलं. गाडीला पंधरा वर्षं झाली की ती वाहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते, तरच तिची नोंदणी पुढे वाढते. लोक या तपासणीच्या नावाने कपाळाला आठ्या घालतात. घड्याळजी मात्र सहा महिने आधीपासून दिवस मोजत होते. पंधरा वर्षं आपण गाडीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्याची पावती आज मिळणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"मी येऊ का?" बायकोने दारातून विचारलं.

"तुझं काय काम तिथे?"

"गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून म्हटलं."

"नाव काय, कागदावर असतं," घड्याळजी म्हणाले आणि निघाले.

हे नावाचं प्रकरण सासऱ्यांचं. त्यांना दोन मुली. दोन्ही जावयांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या गाड्या घेतल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : गाड्या मुलींच्या नावावर घ्यायच्या. जावयांचा भरवसा नाही, हे त्यांनी जावयांच्या तोंडावर सांगितलं होतं. घड्याळजींनी ते मनाला लावून घेतलं. त्यांचे साडू, म्हणजे थोरल्या मेहुणीचे यजमान, खो खो हसले होते. साडूंची रोपवाटिका होती आणि त्यांना कशाचंही हसू यायचं.

वाहन कार्यालयाच्या आवारात तपासनीस बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, खाकी पँट, कानामागे पेन्सिल. घड्याळजींनी झटकन पुढे होऊन दार उघडलं. बाईंनी चकाकणाऱ्या टपाकडे पाहिलं नाही, आरशांकडे पाहिलं नाही.

"चासी नंबर कुठे आहे?"

घड्याळजी गडबडले. या गाडीचा कुठला स्क्रू किती आटे फिरतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण हा नंबर त्यांनी कधी पाहिला नव्हता. बघायचं म्हणजे खालचं काही तरी उचकटावं लागणार, आणि उचकटणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"पुढच्या सीटखाली असतो. मॅट उचला," बाई म्हणाल्या.

रबरी मॅट निघाली. तिच्याखाली घड्याळजींनी स्वतः शिवलेली चादर निघाली. चादरीखाली प्लास्टिक निघालं.

"अजून आहे का काही? गादी, उशी?" बाईंनी विचारलं.

शेवटी कंपनीचा मूळ गालिचा लागला. त्याला पाकिटाच्या झाकणासारखा एक काप होता. बाईंनी तो वर केला. खाली उघड्या पत्र्यात ठोकलेली सतरा अक्षरं आणि आकडे होते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या पाठीवरचा तीळ पहिल्यांदाच दिसावा, तसं घड्याळजींना झालं. बाईंनी पातळ कागदाची पट्टी त्यावर चिकटवली आणि पेन्सिल आडवी धरून घासली. काळ्या पट्ट्यात एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं.

"मी वाचते, तुम्ही नोंदणी पुस्तकात बघा."

पंधरा अक्षरं बिनचूक जुळली. घड्याळजी प्रत्येक अक्षराला मान डोलवत होते.

"पाच, सात," बाईंनी शेवटचे दोन आकडे वाचले.

घड्याळजींची मान डोलली नाही. पुस्तकात सहा, दोन होतं.

त्यांनी खिशातून दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि गाडीत पालथे पडले. पाच तो पाच होता. सात तर इतका ठसठशीत सात होता की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग बाईंनी बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर पाहिला. तोही जुळला नाही.

"गाडी कुठून आणली?"

"शोरूममधून."

"सगळे तसंच सांगतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फाटकावरच्या माणसाला हाताने खूण केली. फाटक बंद झालं.

रांगेतले लोक माना वळवून बघू लागले. "दिसतात कसे गरीब," एक ट्रकवाला दुसऱ्याला म्हणाला. आवाराच्या टोकाला जप्त केलेल्या गाड्यांची ओळ होती. त्यांच्या चाकांवर गवत चढलं होतं, टपांवर पाखरांनी वर्षानुवर्षं हजेरी लावलेली होती, दिवे काढून नेलेले होते. तिथे एक जागा रिकामी होती. बाई तिकडेच बघत होत्या.

"मूळ गाडी कुठे आहे ते संध्याकाळपर्यंत कळलं तर ठीक. नाहीतर ही तिथे लावावी लागेल."

आणि तिथे, उन्हात उभं असताना, घड्याळजींना पंधरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली आणि त्यांची पाचावर धारण बसली.

शोरूमच्या मागच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. नंबराच्या पाट्या लावायच्या राहिल्या होत्या. साडू दोघी बहिणींबरोबर पुढे चहा पीत बसले होते. घड्याळजींनी आपल्या वाट्याच्या गाडीचं भिंगाने निरीक्षण केलं, तेव्हा डाव्या दारावर त्यांना एक ओरखडा दिसला. केसाएवढा. दुसऱ्या कुणाला तो दाखवूनही दिसला नसता. मग त्यांनी शेजारची गाडी तपासली. ती निष्कलंक होती. पाट्या लावायला आलेल्या फिटरने विचारलं, "कुठली कुणाची?" घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि निष्कलंक गाडीकडे बोट केलं. गाड्या तर सारख्याच, साडूंना फरक कळणार नाही, मग पाप कसलं, असं तेव्हा त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पोलादात नंबर ठोकलेला असतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, गाडी घेऊन ताबडतोब वाहन कार्यालयात या. आणि जमलं तर धुवून आणा."

"धुवून म्हणजे?" साडूंनी मनापासून विचारलं.

साडूंची गाडी आली ती आधी ऐकू आली. तिचा रंग मूळचा कोणता हे सांगायला साक्षीदार लागले असते. मागच्या सीटवर खताची पोती, टपावर बांबू, दारांना पोचे. साडू हसत उतरले आणि बाईंना नमस्कार करून एक गुलाबाचं रोप देऊ लागले. बाईंनी ते घेतलं नाही, पण त्यांचा आवाज थोडा मऊ झाला.

"सीटखालची मॅट उचला."

"मॅट?" साडू म्हणाले.

मॅट नव्हती. चांगला चार बोटं मातीचा थर होता. साडूंनी डिकीतून खुरपं आणलं. खणताना एक कंगवा निघाला, साडूंना दोन वर्षांपासून सापडत नसलेली रोपवाटिकेची किल्ली निघाली, आणि एका कोपऱ्यात हिरवागार कोंब निघाला. "थांबा, थांबा," म्हणत साडूंनी तो कोंब मुळांसकट अलगद उचलून चहाच्या रिकाम्या कपात लावला. बाईंनी गालिच्याचा काप उघडला, पत्रा पुसला, कागद लावला, पेन्सिल घासली.

"सहा, दोन."

घड्याळजींनी श्वास सोडला. गाडी चोरीची नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

"पाटी म्हणजे चार स्क्रूंवर लावलेला पत्रा," बाई म्हणाल्या. "गाडी ओळखायची ती या नंबरावरून. म्हणजे ही मातीवाली गाडी तुमच्या घरची, आणि ती चकचकीत यांच्या घरची. पाट्या बदला आणि आपापली गाडी घेऊन जा."

घड्याळजींनी मातीवाल्या गाडीकडे पाहिलं.

"दुसरा काही मार्ग?"

"दोन्ही मालकांनी अदलाबदलीच्या अर्जावर सही केली तर आहे तसं राहू शकतं. पण हे घडलं कसं, ते लेखी द्यावं लागेल."

"फिटरची चूक. दुसरं काय!" साडू म्हणाले.

"मग शोरूमला नोटीस काढते. बघू फिटर कोण होता ते."

घड्याळजींच्या हातात पेन होतं. नुसतं 'फिटर' लिहिलं की सुटका होती. त्यांना तो फिटर आठवला. ग्रीसचे हात पाठीमागे धरून त्याने किती अदबीने विचारलं होतं, कुठली कुणाची. घड्याळजी स्वार्थी होते, लबाडही होते म्हणा, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्याची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी ओरखड्यासकट सगळं लिहून काढलं आणि कागद आधी साडूंच्या हातात दिला. लाजेने त्यांचे कान तापले होते.

साडूंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग ते इतके हसले की त्यांना बांबूंचा आधार घ्यावा लागला.

"एका ओरखड्यासाठी! अहो साडूभाऊ, माझ्याकडे आल्यावर त्याला भरपूर सोबत मिळाली की!" डोळे पुसत ते म्हणाले, "ठेवा, तुमची तुम्हालाच ठेवा. मला काय, चार चाकं आणि एक डिकी असली की झालं."

घड्याळजींना साडूंच्या पाया पडावंसं वाटलं. आता राहिल्या दोन सह्या. त्यांनी बायकोला फोन करून ताईला घेऊन यायला सांगितलं. बायकोने कधी कुठल्या कागदावर सही करायला का-कू केली नव्हती, तेव्हा ती काळजी नव्हती. दरम्यान त्यांनी गाडीवर बसलेली धूळ दोनदा पुसूनही घेतली.

दोघी बहिणी तासाभराने आल्या. ताईंनी जबानीचा कागद वाचून "कमाल आहे घड्याळजी तुमची!" म्हटलं आणि अर्जावर फर्र करून सही ठोकली. मग पेन धाकटीकडे आलं. तिने अर्ज वाचला. जबानी वाचली. टेबलाजवळच्या खुर्चीत बसून सावकाश पुन्हा वाचली.

"कर ना सही," घड्याळजी म्हणाले. "इथे, फुलीच्या शेजारी."

"मला ही नको," बायको म्हणाली.

"काय नको?"

"ही चकचकीत. ही तुमची आहे. माझी ती." तिने पेनाने मातीवाल्या गाडीकडे दाखवलं.

"अगं, ती गाडी आहे का? त्यात झाडं उगवतात!"

"पंधरा वर्षांत तुम्ही मला एकदा तरी स्टिअरिंगला हात लावू दिलात? मी म्हटलं, शिकवा. तुम्ही म्हणालात, क्लचची चकती झिजते. पुन्हा म्हटलं, तर म्हणालात, तुला नाही जमायचं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे घड्याळजींना जास्त भीती वाटली. "मग मी ताईकडे गेले. भाऊजींनी या गाडीची किल्ली हातात दिली आणि म्हणाले, शिक, आपटायला भिंती बऱ्याच आहेत."

"कधी?" घड्याळजींनी विचारलं.

"तीन वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी रोपवाटिकेत मदतीला जाते ना, ती कुंड्या पोचवायला जाते. मीच चालवते."

तपासनीस बाई पुढे झुकल्या. "लायसन्स?"

बायकोने पर्समधून ते काढून टेबलावर ठेवलं. घड्याळजींनी भिंग न लावताच पाहिलं. फोटोत ती हसत होती.

"आणि तो मागचा मोठा पोचा," बायको म्हणाली, "तोही माझाच. खांब दिसला नाही मला."

घड्याळजींना त्या पोच्यावरून झालेलं व्याख्यान आठवलं. सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी साडूंना अर्धा तास धारेवर धरलं होतं. गाडी ठेवायची लायकी लागते, असंसुद्धा म्हणाले होते. साडू मान खाली घालून ऐकत राहिले होते, चकार शब्द बोलले नव्हते. घड्याळजींनी साडूंकडे पाहिलं. साडू कपातल्या कोंबाला पाणी घालण्यात गुंतल्याचं दाखवत होते.

"म्हणजे सही नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

पाट्या बदलायला दहा मिनिटं लागली. घड्याळजींनी चकचकीत गाडीची किल्ली साडूंना दिली तेव्हा त्यांची बोटं चटकन सुटली नाहीत. साडू गाडीत बसायला घाबरत होते. त्यांनी आधी चपला झटकल्या, मग हात, मग पँट.

"मी यातून खत कसं नेणार हो?" ते केविलवाणे होऊन म्हणाले. "रविवारी येऊन पुसून जात जा, साडूभाऊ. माझ्याच्याने नाही व्हायचं हे."

"येईन," घड्याळजी म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि साडू आयुष्यात प्रथमच आवडत होते.

बायको मातीवाल्या गाडीत बसली. तिने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला वळवला, गाडी चालू केली. घड्याळजी शेजारच्या सीटवरची सुतळी बाजूला करून, गुडघे जवळ घेऊन बसले. फाटक उघडलं. समोरून ट्रक येत होता. तिने तो जाऊ दिला आणि एकाच वळणात गाडी रस्त्याला लावली. घड्याळजींचा कान तीस वर्षं बारीक दातेरी चाकांवर तयार झालेला. तिने गिअर बदलला, पुन्हा बदलला, कुठे खट नाही, खर्र नाही. इतक्या सफाईने ते स्वतः कधी बदलत नव्हते, आणि हे त्यांना पहिल्या चौकातच कळून चुकलं. अभिमान वाटला. तिला हे शिकायला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, याची लाजही वाटली.

"चांगली चालवतेस," ते म्हणाले.

"पाय काढा आधी," ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

घड्याळजींनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय खुरप्याने उकरलेल्या मातीत घोट्यापर्यंत रुतला होता, आणि ते तो सगळा जोर लावून दाबत होते.

"ब्रेक तिथे नाही," बायको म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे आहे."