हातात ठोठावणारी लेक

हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल संध्याकाळी इतका भरायचा की चपलांचा ढीग जिना उतरून रस्त्यावर यायचा. आत मात्र टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, कमावते पुरुष, सगळे एक हात खुर्चीखाली लोंबता सोडून डोळे मिटून बसलेले असायचे. मधेच कुणाला तरी हुंदका फुटायचा. शेजारचं माणूस हळूच म्हणायचं, "आलं वाटतं यांचं," आणि त्या हाताकडे जरा हेव्यानं बघायचं.

तिथं येणाऱ्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. समोर पांढऱ्या गादीवर सुईमहाराज बसायचे. गेलेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडा जाळायचा, त्याची राख शाईत कालवायची आणि त्या शाईनं त्या माणसाचं नाव जिवंत माणसाच्या हातावर गोंदायचं, ही त्यांची विद्या. मग थोड्याच दिवसांत ते नाव आतून ठोठावायला लागायचं.

"मेलेला माणूस जातो कुठं?" महाराज विचारायचे. "कुठंच जात नाही. बिचारा बाहेर ताटकळत उभा असतो. तुमच्या कातडीला दार नाही, तो आत येणार कसा? मी साधा सुतार आहे, दार बसवून देतो." सुताराला निदान लाकूड आणि माणूस यांतला फरक कळतो, पण हे त्यांना सांगणार कोण?

दार बसवल्यावरचे नियम कडक होते. गोंदलेल्या जागेला पाणी लावायचं नाही, साबणाचं तर नावच नको, आणि डॉक्टरचं औषध म्हणजे दाराला कुलूप. गेलेल्या माणसाच्या कपड्याची पट्टी वरून करकचून आवळायची. रोज हॉलवर येऊन वाटीतलं तेल लावायचं. वाटी एकच, बोटं सगळ्या गावाची. हात तापला की आपलं माणूस निघालं, सुजला की उंबऱ्याशी आलं, पू वाहिला की भेटीच्या आनंदानं रडलं. आणि ज्याची जखम मुकाट्यानं भरून यायची, त्याला महाराज मान हलवून सांगायचे, "प्रेम कमी पडलं तुमचं." ती माणसं नापास झालेल्या पोरांसारखी मागच्या रांगेत बसायची.

पुढच्या रांगेत सलूनवाल्याची बायको बसायची. त्यांची एकुलती एक लेक मागच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली होती. तेव्हापासून बाईनं अन्नावरची वासनाच सोडली होती. बोलणं नाही, रडणंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नवऱ्यानं सगळे उपाय केले आणि हात टेकले. शेवटी शेजारणीनं तिला हॉलवर नेलं, लेकीचं नाव तिच्या हातावर आलं आणि एका सकाळी ती आपण होऊन ताटावर बसली.

"रात्रभर ठोठावत होती हो," ती म्हणाली. "झोपू म्हणून दिलं नाही कार्टीनं."

सलूनवाल्यानं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्याला दिसत नव्हतं असं नाही. दुकानात तो गिऱ्हाईक बदललं की पातं बदलायचा. कुणी घाईत "राहू दे रे" म्हणालं तरी ऐकायचा नाही. हॉलवर तर एकच सुई या हातातून त्या हातात जात होती आणि मधे फडक्याला पुसली जात होती. पण बायको जेवायला लागली होती. जेवत्या माणसासमोर शहाणपणा कोण पाजळणार? शिवाय, खरं सांगायचं तर, लेकीचा ठोका ऐकू यावा असं त्यालाही वाटत होतं. बायको झोपली की तो तिच्या हातावर अलगद बोट ठेवून बघायचा.

त्याचे डोळे उघडले ते दाढीच्या खुर्चीत. एका खानावळीतला म्हातारा आचारी त्याच्याकडे नेहमी यायचा. त्यानंही बायकोचं नाव गोंदवून घेतलं होतं, आणि तो मागच्या रांगेतला होता. त्या दिवशी तोंडाला फेस लावलेला असतानाच म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चाळीस वर्षं संसार केला," तो म्हणाला, "आणि माझ्याकडेच आली नाही. कुणाकडे काय बोलू?"

सलूनवाल्यानं त्याचा हात उजेडात धरला. नाव स्वच्छ, कातडी थंड, खपलीसुद्धा गळून गेलेली. त्यानं विचारलं, नियम पाळले होते ना? आचारी ओशाळला. खानावळीतले हात ते. पीठ मळायच्या आधी, भाजी चिरल्यावर, भांड्याला लागायच्या आधी, सारखे साबण लावून कोपरापर्यंत धुवायची जन्माची सवय. पट्टी तर कामात कुठं पडली तेही कळलं नाही. तेल लावायला जायला सवड मिळाली नाही. "माझंच चुकलं," म्हातारा म्हणाला.

सलूनवाल्याच्या हातातलं पातं तसंच राहिलं. म्हाताऱ्याच्या हातानं नियम मोडले म्हणून तो धडधाकट होता. मग ज्यांनी नियम पाळले, त्यांच्या हाताचं काय चाललं होतं? त्यानं दाढी कशीबशी उरकली आणि शटर ओढून घर गाठलं.

बायको पलंगाच्या कडेला हात खाली सोडून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. त्यानं पट्टी वर सरकवली. नावाची अक्षरं सुजून फुगली होती आणि तिथून एक लाल रेघ निघून कोपराच्या वर, दंडापर्यंत चढली होती. अशी रेघ त्यानं पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पायावर पाहिली होती. त्याला दवाखान्यात न्यायला फार उशीर झाला होता.

"ऊठ, दवाखान्यात जायचं," तो म्हणाला.

"नको. वर येतेय ती," बायको म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका शांत होता. "काल कोपरापाशी होती. आता खांद्याला येईल, मग इथं." तिनं छातीवर हात ठेवला. "एवढी जवळ आलीय, आणि तुम्ही तिला औषधानं हाकलणार?"

सलूनवाला तिच्यासमोर जमिनीवर टेकला. तिला उचलून नेणं अवघड नव्हतं, पण मग औषध घेतलं नसतं तिनं, थुंकून टाकलं असतं. लेक त्या हातात नाही हे तिला कळल्याशिवाय ती वाचणार नव्हती, आणि ते कळल्यावर ती जगेल का, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं तिच्या दुसऱ्या हाताची बोटं घेतली आणि तिच्याच गळ्यावर, जबड्याखाली, नीट टेकवली.

"हे लागतंय?"

"हं."

"आता हातातलं ऐक. दोन्ही एकदम ऐक."

बराच वेळ ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं शांतपण हळूहळू उतरत गेलं. "बरोबरच पडतायत," ती म्हणाली.

"तुझ्याच काळजाचे ठोके आहेत. सुजलेल्या जागी जास्त जाणवतात, एवढंच. हात लोंबता ठेवला आणि वरून आवळला की आणखी जाणवतात." त्यानं पट्टी सोडली, हात उचलून दोन उशांवर ठेवला आणि वाट पाहिली.

ठणका ओसरला. "गेली," बायको म्हणाली.

त्याच्या तोंडात एखादं गोड खोटं आलं होतं. त्यानं ते गिळलं. "ती मागच्या वर्षीच गेली गं," तो म्हणाला.

तेव्हा ती रडली. वर्षभराचं साठलेलं सगळं रडली, आणि रडत रडत त्याच्या खांद्यावर भार टाकून दवाखान्यात जायला घराचा जिना उतरली. सलूनवाल्याला वाटलं, पहिल्या वेळी लेकीला तापानं नेलं, या वेळी आपणच तिला घराबाहेर काढलं. हे दुःख त्याला पुढेही सोडणार नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि त्या लगेच कामाला लागल्या. सलाईन लागली, इंजेक्शनं झाली, सडलेलं मांस काढावं लागलं. त्याबरोबर नावही गेलं. बाई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं हाताचं बँडेज पाहिलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच नवऱ्याला विचारलं, "पुढच्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय?"

हिंडण्याफिरण्याची परवानगी मिळताच ती हॉलवर गेली. बरोबर सलूनवाला, आचारी आणि डॉक्टरीणबाई. महाराजांनी हसून स्वागत केलं आणि बँडेजकडे पाहून मान हलवली. "दार मोडलंत ना?"

सलूनवाला म्हणाला, "महाराज, हीच सुई, हीच शाई. एक ठिपका तुमच्या हातावर काढा."

"आमचं कुणी गेलेलं नाही," महाराज घाईनं म्हणाले. "आमचे सगळे आमच्यातच आहेत."

"कुणाच्याही गालाला लागलेलं पातं मी माझ्या गालाला लावत नाही. तुम्हालाही सगळं कळतं."

मागून एकजण हसला. मग डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना गळ्यावर बोटं टेकवायला लावली, हात वर करायला लावले, आणि काय चाललंय ते सरळ शब्दांत सांगितलं. गोंदणं म्हणजे जखम. एकाची घाण सुईतून, शाईतून, वाटीतून दुसऱ्याच्या रक्तात जाते. वरून पट्टी आवळली आणि पाणी बंद केलं की ती आत वाढते. गोंदवायचं तर खुशाल गोंदवा; पण सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघालेली हवी, शाई तुमच्यापुरती वेगळी ओतलेली. हात साबणानं धुऊन मगच जखमेला लावा, सौम्य साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं ती धुवा, टिपून कोरडी करा, खपली खरवडू नका. लाली पसरली, पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चिडलं कुणीच नाही. महाराज मागच्या दारानं सटकले, तरी कुणी धावलं नाही. गळ्यावर बोटं ठेवून माणसं बसून राहिली आणि एकेक करून रडायला लागली. आचारी मात्र आपल्या बऱ्या झालेल्या हाताकडे पहिल्यांदाच नीट बघत होता.

एक तरुण बाई हात पदराखाली लपवून दाराकडे सरकत होती. तिचं तान्हं गेलं होतं. "मला बरं नाही व्हायचं," ती पुटपुटली. "हे थांबलं तर माझ्याकडे काय उरलं?"

सलूनवाल्याची बायको तिच्या वाटेत उभी राहिली. "मलाही असंच वाटलं होतं," ती म्हणाली. "आपली पोरं गेली, बाई. ती परत येत नाहीत, आणि आलीच असती तर आपल्याला अशी दुखवत आली नसती. हे ठोठावतंय ना, ते तुझं स्वतःचं काळीज आहे. ते थांबू देऊ नकोस."

तरुण बाईनं एकदा स्वतःच्या गळ्यावर बोटं टेकवून पाहिली. मग तिनं पदर बाजूला केला आणि हात डॉक्टरीणबाईंच्या पुढे केला.