राखणदाराची बदकं

देवाने सेफन्याला भक्ती भरभरून दिली, आवाजही भरभरून दिला. फक्त सूर घालायच्या वेळी देवाला दुसऱ्या कुणीतरी हाक मारली असावी. चर्चच्या गायकांत तो मागच्या रांगेत उभा राहायचा, पण ऐकू मात्र सगळ्यांच्या पुढे यायचा. गेल्या नाताळात पाद्रीबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि फार मायेने सांगितलं, "सेफन्याकाका, यंदा तुम्ही नुसते ओठ हलवा. देव मनातलंही ऐकतो."

सेफन्या भला माणूस. त्याने ऐकलं. पण अडवलेलं गाणं अडवलेल्या ओढ्यासारखं असतं, कुठून तरी वाट काढतंच.

तो गावाचा राखणदार होता. लोंपा मासळीची पिल्लं समुद्रातून नदीच्या मुखात शिरली की गावात सासी, म्हणजे मासेमारीची बंदी, लागायची. काठावर खांब रोवून कोवळ्या झावळ्या बांधायच्या, शंख फुंकायचा, आणि राखणदाराने कायदा पुकारायचा: मासळी मोठी होईपर्यंत जाळं नाही, गळ नाही, हातसुद्धा नाही. पुढे सासी उठली की सगळं गाव एकदम पाण्यात उतरायचं आणि घराघरात मासे तळले जायचे. तोवर रोज संध्याकाळी हातात काठी घेऊन नदीच्या मुखावर फेरी घालणं हे सेफन्याचं काम. ती काठी त्याच्या बापाची, त्याआधी आजोबांची. काठी गेली तर आपण नुसतेच एक म्हातारे उरू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नदीच्या मुखावर संध्याकाळी चिटपाखरू नसतं. सेफन्या दगडावर बसायचा आणि मोकळ्या गळ्याने आख्यान लावायचा. बायबलातला योना माशाच्या पोटात गेला की त्याचा आवाज खाली खोल जायचा, बाहेर आला की थेट आभाळात. पहिल्या दिवशी दोन बदकं येऊन ऐकत उभी राहिली. आठवडाभरात कळपच्या कळप येऊ लागला. कळप त्याच्याच बायकोचा, फ्रान्सिनाचा. कुणी उठून गेलं नाही, कुणी खोकलं नाही. असे श्रोते पाद्रीबाईंनाही मिळत नव्हते! आख्यान संपलं की ऐकणाऱ्यांच्या हातावर काहीतरी ठेवावं असं सेफन्याला वाटे. बदकांना हात नाहीत, म्हणून तो खिशातले सागूच्या भाकरीचे तुकडे पाण्यात टाकी. मग सगळी बदकं पाण्यात उतरून डोकी बुडवत, शेपट्या वर करत. सेफन्या त्याला नमन समजे आणि डोळे मिटून घेई.

एके दिवशी शेजारचा मेसाख दारात येऊन उभा राहिला.

"फ्रान्सिनाताई, तुझ्या बदकाच्या चोचीतून माशाचं शेपूट बाहेर आलेलं पाहिलं मी. लोंपाचं. रविवारी न्याय मागणार आहे."

"चोचीत शेपूट दिसलं? आणि माझी अंडी तुझ्या कुंपणात सापडतात ती नाही दिसत?"

"अंड्यांवर सासी नाही, ताई," असं म्हणून मेसाख गेला.

कायदा सरळ होता. ज्याचं जनावर मासळी खाईल त्याने पत्र्याचा डबा बडवत गावभर फिरायचं, दारोदार आपला गुन्हा सांगायचा, आणि जनावर गावजेवणाच्या हंड्यात जायचं. आणि खुद्द राखणदाराने सासी मोडली, तर त्याची काठी जायची.

फ्रान्सिना चुलीपाशी सागूची खळ घोटत होती. खळीपेक्षा तिचा हात जास्त जोरात फिरत होता.

"इतकी वर्षं माझी बदकं अंगण सोडून हलली नाहीत. यंदाच नदीवर का जातात? तिथे काय सासर आहे त्यांचं?"

"वारा बदललाय," सेफन्या म्हणाला.

"वाऱ्याने बदकं उडाली म्हणता? अहो, राखणदार ना तुम्ही? रोज तिथेच असता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

"मी… समुद्राकडे बघतो."

हळद घातलेली समुद्रातल्या माशाची आमटी समोर आली, पण सेफन्या खळ नुसती ताटात फिरवत बसला. बोलावं तर काठी जाते. गप्प बसावं तर बायको डबा बडवणार, आणि श्रोते हंड्यात.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव सभेच्या मांडवात जमलं. मधोमध गावप्रमुख बसला. त्याला बापा राजा म्हणत. शेजारी पाद्रीबाई. समोर फ्रान्सिना, पदर खोचल्यासारखं सारोंग कमरेला घट्ट आवळून. गावाची रीत अशी, की राखणदाराने कायदा पुकारल्याशिवाय न्याय सुरू होत नाही. आणि पुकारायचा तोही लांब चालीत, गाऊन.

सेफन्या उभा राहिला आणि जेमतेम ओठ हलवले.

"ऐकू येत नाही," बापा राजा म्हणाला.

"घसा बसलाय."

लगेच कुणीतरी लवंगेचं गरम पाणी आणलं. ते पिऊन सेफन्या पुन्हा कुजबुजला. तेव्हा बात्येआजी, जिला एरवी ढगांचा गडगडाटही ऐकू जात नसे, काठी आपटून म्हणाली, "अरे, कायदा आहे की कानगोष्ट? न पुकारलेला कायदा समुद्राला लागू होत नाही. ओरड!"

सेफन्याने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि हळूच सुरू केलं. पण गाणाऱ्याचं मन मोठं फसवं. पहिली ओळ घाबरत गेली, दुसरी सावरली, तिसरीला तो न्यायही विसरला, बायकोही विसरला. "हातसुद्धा नाहीऽऽ" म्हणताना आवाज मांडवाचं छप्पर फोडून बाहेर पडला.

बाहेरून उत्तर आलं, "क्वॅक!"

एकामागून एक, ओळीने, बदकं मांडवात शिरली. माणसांच्या पायांमधून वाट काढत सेफन्यापुढे येऊन बसली आणि माना वर करून वाट पाहू लागली. एका धीट बदकाने त्याचा खिसा चोचीने ओढला. सागूचे तुकडे जमिनीवर सांडले.

मग बापा राजाने विचारलं, "सेफन्या, ही कोण?"

"श्रोते," सेफन्या म्हणाला.

मांडवात असा काही हशा पिकला की झोपलेली कुत्री उठून पळाली.

"म्हणजे ती मासे खात होती तेव्हा तू तिथेच होतास?"

"मला वाटलं, नमस्कार करतायत."

पाद्रीबाईंनी तोंडावर बायबल धरलं. त्यांचे खांदे हलत होते. मेसाख मात्र हसला नाही. "असो. गाणं म्हणणं काही गुन्हा नाही. बदकं फ्रान्सिनाताईंची. कायदा मालकाला धरतो."

बापा राजाने मान हलवली. तसं पाहिलं तर मेसाखचं खरं होतं. सेफन्याची काठी आपसूक वाचत होती. फ्रान्सिना उठली आणि तिने बापा राजाच्या पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याकडे हात पुढे केला.

त्या हाताकडे सेफन्याने पाहिलं. चुलीने काळवंडलेला, सागू घोटून निबर झालेला हात. त्याने पुढे होऊन डबा आधी उचलला.

"बदकं हिची, पण वाट मी दाखवली. आमिषही मीच टाकलं. सासी मी मोडली, बापा राजा." आणि आजोबांची काठी त्याने हळूच जमिनीवर आडवी ठेवली.

पाद्रीबाईंनी तोंडावरचं बायबल खाली घेतलं.

"काठी आडवी पडली की कायदाही आडवा पडतो. कोण उचलतो?" बापा राजाने विचारलं.

तरणी पोरं बहुतेक आंबोन शहरात, नाहीतर जहाजांवर. गावात उरलेला एकटा मेल्की, तोही म्हणाला, "माझी बोट बुधवारी सुटते." सगळे मेसाखकडे वळले.

"मी उचलली असती हो," मेसाखने गुडघे चोळले, "पण रोज संध्याकाळी तिथे फार डास असतात."

बात्येआजी म्हणाली, "ज्याने स्वतःला सोडलं नाही तो आपल्याला काय सोडणार? भीती वाटावी असा हाच एक. त्यालाच द्या."

गुन्हा राखणदाराच्या नावावर गेला म्हणून बदकं हंड्यातून वाचली, आणि काठी परत सेफन्याच्या हाती आली, पण अटीवर. डबा बडवून गावभर फिरायचं ते आहेच. नदीच्या मुखावर तोंडातून स्वर काढायचा नाही. आणि बदकांना गाण्याची चटक लागलीच आहे, तर ती घरी राहावीत म्हणून सासी उठेपर्यंत रोज फेरी आटोपून दिवेलागणीला स्वतःच्या अंगणात बसून गायचं.

"अहो बापा राजा," फ्रान्सिना कळवळून म्हणाली, "चूक यांची, मग शिक्षा मला का?"

त्या संध्याकाळी सेफन्याने अंगणात योनाचं आख्यान लावलं. बदकं गोल करून बसली. योना जहाजात चढला तेव्हा मेसाखने खिडकी लावली. वादळ आलं तेव्हा दार लावलं. मासा आला तसा मेसाख कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"सेफन्यादादा, सासी उठायला अजून किती दिवस?"

"न्याय तूच मागितलास ना? बस आता, ऐक," फ्रान्सिना आतून म्हणाली. मग तिलाच राहवेना. हातात घोटणी घेऊन ती बाहेर आली. "अहो, तिथे सूर वर जातो. वर! असा." आणि तिने ती ओळ म्हणून दाखवली.

बदकांनी माना वळवल्या. मग एकेक करून उठली, सेफन्याकडे पाठ केली आणि तिच्यासमोर जाऊन बसली.