स्पिरिट पिणारा कार्बुरेटर

मी एक जुना कार्बुरेटर आहे. मित्रांनो, इंजिनाला इंधन आणि हवा कालवून भरवणे हे माझे काम. आईसारखेच, फक्त माझ्यावर कोणी निबंध लिहीत नाही, म्हणून मीच सांगतो.

एका कारखान्यात मी ओतला गेलो आणि एका फियाटवर बसून यवतला आलो. तिथे मल्हारी मिस्त्रीने ती फियाट घेतली. वीस वर्षे मी पेट्रोल प्यायलो आणि तक्रार केली नाही.

२००३ साली साखर कारखान्याने मळीपासून केलेले स्पिरिट मल्हारीला प्रयोगासाठी दिले. कागदावर तीन शिक्के होते आणि पिंपाजवळ एक पहारेकरी, कारण गावात प्रयोगाची आवड बऱ्याच जणांना होती.

निमोण्याचा सत्यजीत शर्यतीचे खास पेट्रोल शहरातून आणायचा. त्याचीही फियाटच. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "मल्हारी, दारूवर गाडी पळत न्हाई. नुसती झुलती."

"मग लाव पैज. जो हारंल, त्याचा कार्बुरेटर जिंकणाऱ्याच्या दारात टांगायचा. लिंबू-मिरचीगत."

"व्हय, ठरलं."

माझे मत कोणी विचारले नाही.

पहिल्या दिवशी स्पिरिट पिऊन इंजिन नुसते ठसकले. स्पिरिट पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट लागते, आणि माझ्या जेटचे, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीचे, भोक पेट्रोलच्या मापाचे होते. मल्हारीने ते जरा-जरा करून अकरा वेळा मोठे केले. सकाळी गारठ्यात मी स्पिरिटवर उठतच नसे. मग तो चमचाभर पेट्रोल पाजायचा. बाराव्या दिवशी गाडी अशी सुटली, की टपरीवाल्याने उठून उगाच नमस्कार केला.

शर्यत माळावरच्या सरळ रस्त्यावर होती. झेंडा आणि घड्याळ ज्ञानू आप्पांकडे. तीस वर्षे ते बैलगाड्यांच्या शर्यती सोडायचे, आणि सुटण्याआधी बैलांच्या पायाशी नारळ फोडायचे. गाडीला पाय नाहीत, म्हणून त्यांनी तो इंजिनावर फोडला. वजन कमी करायला दोघांनी बॉनेट आणि हवेचा फिल्टर काढून ठेवला होता. त्यामुळे नारळाचे पाणी सरळ माझ्या पोटात गेले. अन्याय नको म्हणून आप्पांनी सत्यजीतच्या गाडीवरही एक फोडला.

झेंडा पडला. सत्यजीतची गाडी चाळीस पावलांवर खोकून थांबली. पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. तळाशी बसते आणि आधी जेटमध्येच घुसते. स्पिरिटमध्ये मात्र ते विरघळते. मी नारळपाण्यासह पलीकडे पोचलो. लोकांनी भंडारा उधळला. सत्यजीतने पाना घेतला आणि आपल्या कार्बुरेटरचे नट ढिले करायला लागला.

"ठिव तो पाना," मल्हारी म्हणाला. "तुला नारळानं हारवलंय, म्या न्हाई. पाणी काढ. परत पळू."

"आन् तू हारलास तर?"

"टांग की माझा."

आप्पा म्हणाले, "बिननारळाचा झेंडा म्या टाकत न्हाई."

"फोडा की आप्पा, पर त्या धोंड्यावर."

धोंड्यावर नारळ फुटला. दोन्ही गाड्या सुटल्या. निम्म्या रस्त्यापर्यंत सत्यजीत पुढे होता. मल्हारीने पाय दाबला आणि मी होते नव्हते ते सगळे ओतले. आम्ही एका बॉनेटने जिंकलो. दोन्ही गाड्यांना बॉनेट नसल्याने त्यावर वाद झाला. शेवटी आप्पांनी घड्याळ दाखवले: माझे एकोणीस पूर्णांक चार सेकंद, त्याचे एकोणीस पूर्णांक पाच.

करारानुसार सत्यजीतचा कार्बुरेटर मल्हारीच्या दारात तारेने टांगला गेला. तेव्हापासून दर शनिवारी सत्यजीत निमोण्याहून येतो, त्याला रॉकेलने पुसतो आणि दोन शब्द बोलून जातो. तो कार्बुरेटर आरशासारखा चमकतो.

मी जिंकलो, म्हणून मला कोणी उघडले नाही. गाडी उभीच राहिली आणि उरलेले स्पिरिट आठ महिने पोटातच राहिले. त्याने हवेतली ओल ओढली, मला बुरशीसारखा पांढरा गंज चढला, इंधनाची पातळी राखणारा आतला तरंगा अडकला.

मित्रांनो, मी अजून पळणार आहे. फक्त शर्यत झाली की स्पिरिट काढा आणि घोटभर पेट्रोलने मला धुवा. हरलेल्याला आठवण काढणारा कोणीतरी असतो. जिंकलेल्याकडेही शनिवारी एक फडका घेऊन या.