नववं पोतं

मित्रांनो, पोत्याच्या तोंडाला सुतळी करकचून आवळली आहे, त्यामुळे मी तुम्हाला दिसणार नाही. आवाजावरच भागवून घ्या. मी टायटॅनियमची एक जुनी नळी आहे, हातभर लांबीची, आणि या घडीला साकीनाक्याच्या एका गल्लीत टेम्पोच्या हौद्यात पडले आहे. ड्रायव्हर चहा प्यायला गेला आहे. तो परत आला की माझं संपलं. म्हणून माझी हकिगत घाईघाईने सांगते आहे, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म काळ्या वाळूतला. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर ती पायाला चिकटली तर लोक झटकून टाकतात. पण त्या वाळूतून मला वेगळं करायला माणसांना किती आग आणि किती दिवस खर्ची घालावे लागतात, ते सगळं सांगत बसले तर टेम्पो निघून जाईल. आधी मी स्पंजासारखा भुसभुशीत गोळा होते. मग भट्टीत वितळून लादी झाले, लादीचा पत्रा झाला आणि पत्र्याची मी. वितळवताना मला वारासुद्धा लागू द्यायचा नसतो, सगळी हवा काढून घेतलेली भट्टी लागते. एवढे लाड स्टीलचे कोणी करत नाही. मी थोडी मिरवते आहे, मला कळतं.

पुढे मी खाडीपलीकडच्या एका रसायनाच्या कारखान्यात कामाला लागले. एका मोठ्या पिंपात माझ्यासारख्या चारशे नळ्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. आमच्या पोटातून खारं पाणी वाहायचं आणि बाहेरून कढत रसायन. एकोणीस वर्षं आम्ही ते सोसलं, पण गंजाचा एक ठिपका अंगावर येऊ दिला नाही. एकदा तपासणीला आलेल्या बाई टॉर्च मारून म्हणाल्या, "या नळ्या आपल्यापेक्षा जास्त जगतील." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. मग कारखाना बंद पडला. आम्हाला उपसून, कापून अंगणात टाकलं. तिथे तीन पावसाळे गेले. खाऱ्या पाण्याची पांढरी पुटं माझ्या अंगावर सुकली, आणि मी कोणत्या धातूची आहे हे ओळखणारं कोणी राहिलं नाही.

त्यानंतर मी राजाराम परब यांच्या गाळ्यात आले. राजाराम कणकवलीकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते. या गाळ्यात जुनं टायटॅनियम निवडतात, धुतात, पोत्यांत भरतात आणि ते पुन्हा वितळवणाऱ्या कारखान्याला पाठवतात. तिथून माझ्यासारख्या नळीची एखाद्या पंपातली झडप होते आणि पुढची वीस-तीस वर्षं पुन्हा कामाची होतात. यापेक्षा जास्त आम्हाला काय हवं असतं? फक्त त्या पोत्यात स्टीलचा एक तुकडाही जाता कामा नये. गेला, तर त्याच्याबरोबर वितळलेला सगळा माल नासतो.

आता गंमत अशी की चुंबक मलाही चिकटत नाही आणि चांगल्या स्टीललाही चिकटत नाही. ग्राइंडर लावला की माझ्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र उडतात, पण मागच्या वर्षी त्याच ठिणगीने खाली साचलेला आमचा कीस पेटला, कोणीतरी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि आग छपरापर्यंत गेली. माझ्या किसाला आग लागली तर वाळू टाकायची असते. तेव्हापासून राजारामांनी गाळ्यात ग्राइंडर बंद केला. उरल्या त्या चंपामावशी.

चंपामावशी मूळच्या वाशीमकडच्या, वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं त्या या गाळ्यात निवड करतात. फुटक्या पांढऱ्या टाइलवर तुकडा ओला करून घासायचा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली की टायटॅनियम. ही त्यांची जुनी रीत. पण अलीकडे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी स्टीलचा एक तुकडा त्यांच्या नजरेतून सुटला आणि अख्खा माल परत आला. ती चूक त्यांचीच होती, मी खोटं बोलणार नाही. तेव्हापासून त्यांनी टाइल बाजूला ठेवली आणि तळहातावर भरवसा ठेवला. मी दिसते स्टीलसारखी, पण हातावर घेतली की निम्म्याच वजनाची. हाताला मोतीबिंदू होत नाही.

आज सकाळी राजाराम म्हणाले, "मावशी, आज माल परत इलो तर कारखाना आपल्याला कायमचा सोडणार. मग मी तरी काय करू? तुला ठेवू कशी?"

मावशींनी मान हलवली आणि दुपारपर्यंत पाठ टेकवली नाही. प्रत्येक तुकडा त्या स्वतः तोलून स्वतः पोत्यात टाकत होत्या. अडीच वाजता आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझ्याच जाडीची एक स्टीलची नळी. मावशींच्या गुडघ्याने संप पुकारला होता. राजारामांनी किरणला हाक मारली, "मावशी सांगेल तसं भर."

किरण पस्तिशीचा, मेहनती माणूस. तीन आठवड्यांपूर्वी वाकोल्याच्या तांब्या-पितळेच्या गाळ्यातून आला होता. मावशींनी मला तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि हसल्या. "ही हलकी हाय," त्या म्हणाल्या. मग दुसरी उचलली. "ही जड."

मित्रांनो, त्या शब्दाने माझा घात केला. बावीस वर्षं या गाळ्यात हलकं म्हणजे टायटॅनियम, हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की नव्या माणसाला ते सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तांब्या-पितळेच्या बाजारात हलका माल म्हणजे भेसळीचा, टाकाऊ माल. किरणने इमानेइतबारे जड नळी चांगल्या पोत्यात ठेवली आणि मला टाकाऊ पोत्यात भिरकावलं. पोतं बांधलं, टेम्पोत चढवलं. हा टेम्पो स्टीलच्या भट्टीकडे जातो. तिथे मी जळून वितळलेल्या रसावर काळी साय होऊन येईन आणि मला झाऱ्याने काढून कुठल्यातरी खड्ड्यात फेकतील. त्या खड्ड्यातून कोणी मला पुन्हा घडवू शकत नाही. मला खूप भीती वाटते आहे.

तीन वाजता माल घेणाऱ्या कारखान्याच्या अनुपमा मॅडम आल्या. त्यांच्याजवळ हातात धरायची गन असते, धातूवर टेकवली की पडद्यावर त्याचं नाव उमटतं. पोत्याच्या आतून मला सगळं ऐकू येत होतं. टिक, टिक, टिक, आणि मग त्यांचा आवाज, "परबसाहेब, हे स्टील आहे."

 राजाराम हळूच म्हणाले, "मावशी, आता पुरे झाला गो. उद्यापासून येऊ नको."

"मी तर तिला जड म्हणाले होते," मावशी म्हणाल्या.

"हो ना," किरण म्हणाला. "जड बोललीस म्हणून तर चांगल्यात टाकली."

"अन् हलकी कुठं हाय?"

"ती गेली टाकाऊत. टेम्पोत."

मावशींना गोंधळ उमगला. त्या सांगू लागल्या, पण राजाराम म्हणाले, आता काहीही सांगशील. दोष राजारामांचा एकट्याचा नव्हता. मागचा माल परत आल्याने एकदा हात पोळलेला माणूस होता तो.

अनुपमा मॅडम मात्र थांबल्या. "ती दुसरी नळी दाखवा मला. ती टायटॅनियम निघाली तर मावशींचा हात बरोबर होता असं मी समजेन आणि बाकीचा माल तपासून नेईन. पण मला चार वाजता विक्रोळीला पोचायचंय."

टेम्पोत चौदा पोती आहेत, सगळी सारखीच. मला कुठल्या पोत्यात टाकलं ते किरणला आठवत नाही. तो खाली मान घालून सुतळ्या कापतो आहे आणि चंपामावशी दुखऱ्या गुडघ्याने हौद्यात चढून एकेका पोत्यात कोपरापर्यंत हात घालत आहेत. डोळे मिटून चाचपतात, उचलतात, तोलतात, टाकतात. कापलेल्या पत्र्यांनी बोटं फाटली असावीत, मघापासून त्या मधूनच श्वास ओढून धरतात.

"सोड मावशी," राजाराम खालून म्हणाले. "एक नळी ती."

"नळी नाय शेठ. माझा हात हाय तो."

चार पोती झाली. पाचवं झालं. ड्रायव्हर आला आहे, दार आपटलं, हॉर्न वाजवतो आहे. माझ्यावर दोन मण भंगार आहे. मला हलता येत नाही, दाबलेली नळी वाजतही नाही. एकोणीस वर्षं उकळतं रसायन सोसलं मी, पण असहाय पहिल्यांदाच झाले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या, शाळेतल्या कोणाला हलकं म्हणण्याआधी एकदा तळहातावर घेऊन बघा आणि आपण कोणत्या अर्थाने म्हणतो ते समोरच्याला सांगा, एवढंच मी शिकले. पण ते तुम्ही नंतर लक्षात ठेवा. इंजिन सुरू झालं आहे. आधी धावत जा आणि कोणीतरी चंपामावशींना सांगा. सहाव्यात नाही, सातव्यात नाही, मी डाव्या फळीला टेकलेल्या नवव्या पोत्यात आहे.