कुत्रं धर गं!

मँडव्हिलच्या कोर्टातल्या बाकावर आयव्हरीन इतकी ताठ बसली होती की पाठीला रग लागली. अकरा वर्षं राहिलेलं घर आपलं राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं. घर गेलं तर साठीला आलेल्या बाईने जायचं तरी कुठे?

जमीन पिनक घराण्याची, सात भावंडांची सामाईक. ती आयव्हरीनला विकण्याच्या करारावर सहा जणांनी सह्या केल्या. सातवी इसिल्डा त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला माँटेगो बेला गेलेली. "तिचं काय एवढं, आल्यावर करेल," असं सगळे म्हणाले आणि आयव्हरीनने बिनदिक्कत घर बांधलं. अख्खं जमैका हा मूर्खपणा करतं, मग तिनेच तेवढं शहाणं का व्हावं! सही राहिली ती राहिलीच. पुढे इसिल्डाचा भाचा डोनव्हन शहरातून आला. त्याला त्या जागेवर पाहुण्यांच्या खोल्या काढायच्या होत्या. त्याने आत्याचे कान भरले. सातवी सही नाही, म्हणजे करार रद्दी! शेवटी आयव्हरीननेच कोर्ट गाठलं. करार पाळा आणि खरेदीखत करून द्या, एवढीच तिची मागणी.

इसिल्डा चर्चची पांढरी टोपी घालून पिंजऱ्यात उभी राहिली.

"बाईसाहेब, ती जागा मी कधी सोडलीच नाही," ती न्यायाधीशबाईंना ठसक्यात म्हणाली. "माझी नाळ तिथल्या नीरफणसाखाली पुरलीय. अजून दर शनिवारी जाऊन फळं काढते मी!"

डोनव्हन मागून मान डोलावत होता. पढवलेलं बरोब्बर बाहेर पडत होतं. आयव्हरीनने आपल्या वकिलांकडे पाहिलं. फळं काढते हे तर खरंच होतं!

तिचे वकील, फेसी, सावकाश उठले. "फळं काढायला जाता, तेव्हा सरळ झाडाखाली जाता?"

"सरळ कशी जाईन? फाटकाशी उभी राहून हाक मारते, 'कुत्रं धर गं!'"

"आयव्हरीनबाईंकडे कुत्रं आहे?"

"कुत्रं कुठलं! मांजरसुद्धा नाही त्या घरात."

"मग हाक कशाला?"

"अहो, काय विचारताय! दुसऱ्याच्या आवारात न सांगता घुसायचं? आईने हेच शिकवलं का आम्हाला?"

"आणि तुमच्या स्वतःच्या आवारात शिरताना?"

"माझ्याच फाटकात मी कशाला ओरडू? वेड लागलंय..."

इसिल्डा मध्येच थांबली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. डोनव्हनने कपाळावर हात मारून घेतला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "इसिल्डाबाई, कागदावर तुमची सही नाही हे खरं. पण अकरा वर्षं..."

"राहू द्या, बाईसाहेब." इसिल्डाचा आवाज एकदम उतरला. "जागा तिचीच आहे. मला ठाऊक होतं. या पोराच्या नादी लागले आणि म्हातारपणी तोंडाला काळं फासून घेत होते. द्या ते पेन इकडे."

"आत्या!" डोनव्हन ओरडला.

"गप बस रे! आधी फाटकाशी हाक मारायला शीक."

सही झाली.  बाकावर बसूनच आयव्हरीन मांडीवरच्या पिशवीवर डोकं टेकून ढसाढसा रडली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिने इसिल्डाचा हात धरला. "झाडाखाली तुझी नाळ आहे गं. यापुढे हाक नको मारूस, सरळ आत येत जा." इसिल्डा टोपी सावरत निघून गेली.

शनिवारी सकाळी आयव्हरीन केळी सोलत होती. फाटकाशी नेहमीचा खणखणीत आवाज आला.

"आयव्हरीन! कुत्रं धर गं!"

आयव्हरीनचे डोळे भरून आले.

"धरलंय गं बाई, धरलंय," ती आतूनच ओरडली. "ये माझ्या घरात!"