खंडेनवमीचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा, पोलिसाचा, म्हशीच्या जाड कातड्याचा. त्या म्हशीनं जन्मात कुणाचं ऐकलं नसावं, कारण तिचा हट्ट माझ्यात अजून आहे. मला भिजवा, उन्हात टाका, खुंटीला टांगा. मी वाकेन, पण तुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शहरच्या पोलीस कोठीत माझ्यावर पितळी बिल्ला ठोकला आणि त्यावर नंबर कोरला. खातं कसलं, उतरंडच होती ती! सगळ्यात वर गोरा साहेब, खाली इन्स्पेक्टर, मग फौजदार, जमादार, हवालदार आणि तळाला शिपाई. भार सगळा तळच्या मडक्यावर. साहेबाला नावानं ओळखायचे, शिपायाला नंबरानं. म्हातारे हवालदार सांगायचे, आधी पेशव्यांचा कोतवाल होता, मग कंपनी सरकार आलं. पगड्या बदलल्या, डगले बदलले, गस्त मात्र शिपायाच्याच पायांत राहिली.

माझा धनी कुंडलिक, राजगडाखालच्या पालीचा. घरात आई सगुणाबाई आणि लग्नाच्या दोन बहिणी. सगळ्यांची भाकरी या नोकरीवर. त्यानं मला तेल पाजलं, बिल्ला चिंचेनं घासून लखलखीत ठेवला. चौकीत काही शिपाई पट्टा सोडून माणसांच्या पाठीवर ओढायचे. कुंडलिकनं मला तसं कधी सोडलं नाही. याचा मला ताठा आहे, आणि तो मी कशाला लपवू?

बेचाळीस साली दसऱ्याच्या रजेवर तो मला कमरेला बांधूनच गावी आला. खंडेनवमीला सगुणाबाईनं पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ मांडला. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यो बी पोटाचंच हत्यार. आन त्याला हितं." मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढं हात जोडले! आमच्याकडं पूजलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला विसावा.

तेवढ्यात दारात बूट वाजले. शहरचा फौजदार आला होता, बरोबर दोन शिपाई. गावातल्या भागूबाईचा पोरगा रायबा चळवळीत नसरापूरकडच्या तारायंत्राच्या तारा तोडून फरारी झाला होता आणि वरच्या धनगरवाड्यावर लपला होता. वाट दाखवायला गावातलं कुणी तयार होईना. कुंडलिक पडला सरकारचा नोकर, आणि रायबा त्याचा लहानपणचा सोबती.

"रजा रद्द," फौजदार म्हणाला. "बांध पट्टा अन् चल पुढं."

कुंडलिकचा हात माझ्याकडं आला.

"हात मागं घे!" सगुणाबाई कडाडली. "पूजल्यालं हत्यार आज उचलत्यात व्हय रं?" आणि फौजदाराकडं वळून म्हणाली, "सायेब, तुमच्या घरी खंडेनवमी न्हाई का?"

बरोबरच्या शिपायांनी तर केव्हाच बूट काढून पाटाला हात जोडले होते. फौजदार चडफडला. "उद्या उजाडताच," म्हणून चावडीवर जाऊन बसला.

दुपारी भागूबाई नैवेद्याची पाटी डोक्यावर घेऊन धनगरवाड्याची वाट चढली. नैवेद्याला कोण अडवणार? दिवस मावळायच्या आत रायबा घाट उतरून कोकणच्या अंगाला लागला.

सकाळी फौजदार हजर. सगुणाबाईनं लेकाच्या कानात सांगितलं, "जा की आता. वर कोन हाय? रिकामा वाडा दाव आन ये. नोकरी तरी ऱ्हाईल."

"आये, रायबा न्हाई, पन धनगर हाईत," कुंडलिक म्हणाला. "रायबा कुठं गेला म्हनून त्यास्नी झोडपतील. म्हाताऱ्याकोताऱ्यांस्नी बी."

मग सगुणाबाईनंच माझ्यावरचं फूल उचललं. कुंडलिकनं मला दोन्ही हातांत घेतलं आणि फौजदारापुढं धरलं. "आता उचलाया हरकत न्हाई, सायेब. घ्या तुमचा पट्टा. ह्यो बांधून म्या धनगरवाड्यावर यायचा न्हाई."

"घर उपाशी मरेल तुझं!"

"मरंल न्हाईतर जगंल. वाट दावनार न्हाई."

शाब्बास माझ्या वाघा! मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. फौजदारानं माझा बिल्ला उचकटून खिशात घातला आणि मला अंगणातल्या शेणात भिरकावलं. तो धनगरवाड्याकडं निघाला खरा, पण वाटाड्याविना धुक्यात दुपारपर्यंत भटकून, गुडघे फोडून माघारी फिरला.

पुढं नोकरी गेली. बहिणींची लग्नं लांबली, कुंडलिकनं रानात लाकडं फोडली. हाल झाले, खोटं कशाला बोलू? पण तो मान खाली घालून चाललेला मी एकदाही पाहिला नाही.

आता इंग्रज गेला, आमच्या गावावरचं भोरचं संस्थानही गेलं. शहरात नवे पट्टे, नवे बिल्ले चमकत असतील. बाबांनो, चमका खुशाल, पण कुणाच्या पाठीवर चमकू नका. मी इथं खुंटीला आहे. कातडं तडकलंय, बिल्ल्याच्या जागी दोन भोकं उरलीत. दर खंडेनवमीला सगुणाबाई मला पाटावर घेते आणि त्या भोकांवरच हळदकुंकू लावते.

कुणी नंबर विचारलाच, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. नंबर साहेबानं नेला. मी कुंडलिकचा पट्टा.