चाळीस मिनिटांची फेरी

शहराच्या सहल कार्यालयातून वर्षातून दोनदा एक पत्रक निघे. ऋतू बदलला की कुठे जावं, काय पाहावं आणि त्याला किती वेळ लागतो, ते त्यात असे. मजकूर साहेब लिहीत, नकाशे नकाशेवाला काढी आणि वेळा ती मोजे. कार्यालयात सगळे तिला मिनिटबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर, आणि आता तीही त्या नावाला ओ देई.

मोजण्याची तिची पद्धत ठरलेली होती. रबरी तळव्याचे बूट, गळ्यात स्टॉपवॉच, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. अकरा वर्षांत तिने सत्तावीस ठिकाणं मोजली होती. मिनिटबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेबच म्हणत. म्हणून पानगळीच्या पत्रकाची तयारी चालू असताना साहेबांनी तिला आत बोलावून एक पत्र पुढे सरकवलं, तेव्हा तिला वाटलं, छपाईची चूक असणार.

‘आम्ही सात माणसं,’ पत्रात लिहिलं होतं. ‘नदीतल्या बेटाच्या फेरीला तुम्ही चाळीस मिनिटं लिहिलीत. आम्ही चांगला तासभर हाताशी ठेवून निघालो, तरी परतीची शेवटची होडी गेली. दुसरी खासगी होडी मिळेपर्यंत आमच्या म्हाताऱ्या आईला दोन तास वाऱ्यात बसावं लागलं.’

"एकोणचाळीस, चाळीस आणि एक्केचाळीस," ती म्हणाली. "वही दाखवते."

"वही राहू द्या. कोणाबरोबर चालला होतात?"

"कोणाबरोबर म्हणजे?"

नकाशेवाला दारात उभा होता. "साहेब, मिनिटबाईंबरोबर चालायचं तर माणसाला चाकं बसवावी लागतील."

साहेब हसले नाहीत. "सोमवारी दुपारी पत्रक छापखान्यात जातंय. रविवारी घरची माणसं घेऊन जा आणि पुन्हा मोजा. जमणार नसेल तर वेळांचं काम याला देतो. याच्या घरी नऊ माणसं आहेत."

"जमेल," ती घाईने म्हणाली. त्या सत्तावीस वेळांखेरीज या शहरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं.

संध्याकाळी तिने थोरल्या बहिणीला फोन केला.

"या रविवारी? अगं, आधी नाही का सांगायचंस! यांच्या मावसभावाचं घर हलवायचंय, आमची सगळी वरात तिकडे. आणि खरं सांगू? रागावू नकोस हं. वाद्यांच्या संग्रहालयात गेलो होतो, आठवतं? आम्ही पहिल्याच दालनात तो भला मोठा ढोल बघतोय आणि तू गायब. शेवटी बाहेरच्या बाकावर सापडलीस. मुली अजून म्हणतात, मावशी आपल्याबरोबर आली होती की आपल्याआधी?"

"मला वाटलं, तुम्ही मागोमाग येताय."

"ते तुला नेहमीच वाटतं गं," ताई म्हणाली. ती मायेनंच म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

शेजारच्या नर्सबाईंची रविवारी दवाखान्यात पाळी होती. आणखी कोणाला विचारता येईल त्यांची यादी करायला तिने वही उघडली, वर तारीख लिहिली, आणि मिटली.

रविवारी ती एकटीच होडीत बसली. समोर एक कुटुंब होतं: आजी, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि दोन नाती. मोजून सात. तक्रार करणारेही सातच होते. प्रयोगाची परिस्थिती जुळत होती. बेटावर उतरताच तिने स्टॉपवॉच सुरू केलं आणि पंधरा पावलांचं अंतर ठेवून त्यांच्यामागून चालू लागली. ते थांबले की थांबायचं, निघाले की निघायचं.

पहिल्या शंभर पावलांतच ते तीनदा थांबले. एकदा नातीच्या चपलेचा पट्टा निघाला म्हणून, एकदा दुसरीला तिच्यासारखंच थांबायचं होतं म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना. जुन्या किल्ल्याच्या भिंतीपुढच्या फलकाला मिनिटबाईने अर्धं मिनिट धरलं होतं. फलक कोणी वाचलाच नाही. त्याऐवजी जावई आणि मुलगा समोरचं झाड चिंचेचं की बाभळीचं यावर नऊ मिनिटं भांडले. ते शिरीष होतं.

चौथ्या बाकाशी आजी बसल्या. बाकीचे पाण्याकाठी बदकं बघायला गेले. मिनिटबाई झाडाशी उभी राहिली.

"अहो बाई," आजींनी हाक मारली, "मघापासून बघतेय. आमच्या मागे आहात. काही हरवलंय का?"

तिचे कान तापले. "नाही. फेरीला किती वेळ लागतो ते मोजतेय. पत्रकासाठी."

"आमच्यावरून? मग झालंच! आमच्याकडे लग्नाला निघालेली माणसं जेवणाला पोचतात." आजींनी मांडीशेजारची पिशवी उचलून जागा केली. "बसा. उभ्याने वेळ लवकर जातो का?"

ती बसली. या बाकाजवळून ती तीनदा गेली होती. इथून नदीचं वळण दिसतं, हे तिच्या वहीत नव्हतं.

"घरी कोण कोण?"

"मीच."

"बरं," आजी म्हणाल्या, आणि पाण्याकडे बघत राहिल्या. दोघी तिथे अकरा मिनिटं बसल्या.

पुढे ती त्यांच्याबरोबरच चालली. आजींनी उतारावर तिचा दंड धरला, तो धक्क्यापर्यंत सोडला नाही. तिथे मुलाने बोट फिरवत माणसं मोजली. "सहा, सात... आठ?" तो गोंधळला. पुन्हा मोजू लागला. मिनिटबाईने आजींचा हात हळूच सोडवला आणि एक पाऊल मागे सरली.

"सात," तो म्हणाला. "चला, सगळे आले."

आजींनी होडीतून हात हलवला. होडीत जागा होती. तरी ती पुढच्या होडीसाठी थांबली. स्टॉपवॉच दाखवत होतं, एक तास बावन्न मिनिटं.

सोमवारी साहेबांनी तिचा कागद वाचला. ‘बेटाची फेरी: कुटुंबासह दोन तास. एकट्याने चाळीस मिनिटं.’

"छान. दुसरी ओळ काढून टाका. जागा नाही, आणि एकटं कोण जातं सहलीला?"

"जातात," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. अकरा वर्षांत तिने आकड्यांखेरीज कशावरूनही वाद घातला नव्हता. नकाशेवाल्याने कागद ओढून घेतला, डोकं खाजवलं. "नकाशातलं हे बदक जरा वर उचललं की बसते ओळ," तो म्हणाला, आणि या वेळी चाकांचा विनोद केला नाही.

ओळ राहिली, कामही राहिलं. आता उरलेली सव्वीस ठिकाणं नव्याने मोजायची होती. मंगळवारी ती वाद्यांच्या संग्रहालयात गेली. पत्रकात अठरा मिनिटं होती. या वेळी घाई करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. दालनांत कोणी नव्हतं. ती ढोलापुढे उभी राहिली, प्रत्येक फलक वाचला, प्रत्येक बाकावर बसली. एका बाकावर तर शेजारी पिशवी ठेवून, मग ती उचलूनही पाहिली.

बाहेर आल्यावर तिने स्टॉपवॉच थांबवलं. तेवीस मिनिटं.

तिने वहीत ‘एकट्याने’ या रकान्यात तो आकडा लिहिला. शेजारचा ‘कुटुंबासह’ हा रकाना तिने रिकामा ठेवला.